एचआरच्या डिग्रीला मायनर कोणता घ्यायचा: आमच्या भाचीचं प्रकरण, पहिल्यापासून आत्तापर्यंत

२०२४ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला, म्हणाली ताई, पोरीचा मायनरचा, म्हणजे डिग्रीतल्या जोडविषयाचा, फॉर्म भरायचाय, थोडेच दिवस राहिलेत आणि घरात तीन माणसांची तीन मतं आहेत, तू एकदा बोल तिच्याशी. मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत एचआर-आयआर, म्हणजे मनुष्यबळ आणि कामगार-युनियनशी संबंध, हे काम बघते, सोळा वर्षं झाली, सुरुवात टाइम ऑफिसमधून केली, त्यामुळे नातेवाइकांत एचआरचा विषय निघाला की फोन माझ्याकडे येतो. पण या वेळी जे झालं ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण दोन वर्षांत अजून पाच-सहा पालकांनी मला हेच विचारलंय आणि दर वेळी मी तुकड्यातुकड्यानेच सांगितलंय.

आधी पार्श्वभूमी. भाची पुण्यातल्या एका ऑटोनॉमस कॉलेजात, कॉमर्सच्या डिग्रीत एचआर मेजर, म्हणजे मुख्य विषय. राज्य सरकारचा २० एप्रिल २०२३ चा जीआर आला आणि ऑटोनॉमस कॉलेजांत २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा साचा सुरू झाला, संलग्न कॉलेजांत तो एक वर्षाने आला. तीन वर्षांना साधारण १२० ते १३२ क्रेडिट, त्यातले १८ ते २० मायनरचे, बाकी ओपन इलेक्टिव्ह, स्किल, भाषा, ओजेटी (कंपनीत जाऊन करायचं प्रशिक्षण) वगैरे. मायनर आपल्याच फॅकल्टीतला घ्या नाहीतर दुसऱ्या फॅकल्टीतला, दोन्ही चालतं, फक्त कॉलेज जे देतं त्यातूनच निवडायचं. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण इंटरनेटवर बघून मुलं दहा विषयांची स्वप्नं बघतात आणि कॉलेजच्या यादीत चारच असतात. तिच्या यादीत होते मानसशास्त्र, मार्केटिंग, बिझनेस अ‍ॅनालिटिक्स आणि अर्थशास्त्र. कामगार कायदा मायनर म्हणून नव्हताच, मेजरमध्ये त्याचा एक पेपर होता तेवढाच.

दाजींचं मत अ‍ॅनालिटिक्स, कारण पुढचं सगळं डेटावर आहे. बहिणीचं मत मार्केटिंग, कारण पोरीच्या दोन मैत्रिणी तिकडे चालल्या होत्या, एकत्र राहतील. आणि पोरीचं स्वतःचं मत मानसशास्त्र. मी विचारलं का गं, तर म्हणाली, "मावशी, एचआर म्हणजे माणसंच ना, मग माणसांचं मन कळायला नको का?" हे उत्तर मला चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण हे उत्तर एचआर घेणारं प्रत्येकच पोर देतं, त्यात तिचं स्वतःचं असं काही दिसत नव्हतं. म्हणून मी फोनवर काहीच सल्ला दिला नाही, म्हटलं सुट्टीच आहे, माझ्याकडे ये आठ दिवस, टाइम ऑफिसमध्ये बस, मग बोलू. प्लांट हेडची परवानगी घेतली, कुणाचं नाव दिसणार नाही अशा शीट्स तिला द्यायच्या असं ठरवलं.

आता टाइम ऑफिस म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मस्टर, पंचिंग, ओटी म्हणजे ओव्हरटाइम, रजा, पगारपत्रक, पीएफ-ईएसआयची चलनं, कॉन्ट्रॅक्टरची बिलं तपासणं, सगळं तिथे. कॉलेजात एचआर म्हटलं की टॅलेंट मॅनेजमेंट आणि लीडरशिप ऐकू येतं, पण कारखान्याचं एचआर या खोलीतून सुरू होतं.

पहिले दोन दिवस ती कंटाळली. तिसऱ्या दिवशी फेब्रुवारीचं पगारपत्रक बघत होती आणि विचारलं की बाकीच्या महिन्यांत प्रोफेशनल टॅक्स २०० कापलाय, मग फेब्रुवारीतच ३०० का? आमच्याकडे नवीन येणाऱ्या एमबीए पोरांपैकी हा प्रश्न फार थोड्यांनी विचारलाय. तिला सांगितलं की राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे हा टॅक्स वर्षाला २५०० च्या वर घेता येत नाही, अकरा महिने २०० म्हणजे २२००, उरलेले ३०० एका महिन्यात, झाले २५००. लगेच दुसरा प्रश्न, मग या बाईंच्या पगारात टॅक्सच नाही तो का? कारण एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत तो माफ आहे. मग तिसरा प्रश्न, आणि इथे मी खुर्ची तिच्याकडे वळवली. एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे असलेले दोघं, एक पर्मनंट आणि एक कॉन्ट्रॅक्टचा, दोघांच्याही स्लिपवर महागाईच्या नावाने रक्कम आहे पण दोघांची वेगळी आणि वेगवेगळ्या वेळी बदललेली. "मावशी, महागाई तर दोघांना सारखीच ना? मग हे ठरवतं कोण?"

हा प्रश्न मला सोळा वर्षांच्या नोकरीत सगळ्यात जड गेलेला आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला किमान वेतन, त्यात मूळ दर आणि वर विशेष भत्ता, तो राज्य सरकार जानेवारी आणि जुलै असा सहा महिन्यांनी बदलतं. पर्मनंटचा डीए, म्हणजे महागाई भत्ता, आमच्या युनियनशी झालेल्या करारात लिहिलेला असतो, पॉइंटला इतके रुपये. दोन्हीच्या मुळाशी एकच आकडा, औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, जो केंद्राचा लेबर ब्युरो दर महिन्याला काढतो. २०२० च्या ऑक्टोबरात लेबर ब्युरोने या निर्देशांकाचं आधार वर्ष, म्हणजे ज्या वर्षाची पातळी १०० धरतात ते, २००१ वरून २०१६ केलं, सप्टेंबर २०२० च्या आकड्यापासून. त्यामुळे कालपर्यंत तीनशेच्या घरात असलेला निर्देशांक एकदम ११८ च्या आसपास दिसायला लागला. आमचा करार त्याआधीचा, जुन्या पॉइंटात लिहिलेला. युनियन कमिटीच्या बैठकीत एका जुन्या ऑपरेटरने शांतपणे विचारलं, मॅडम, आता एक पॉइंट वाढला तर आम्हाला किती मिळणार? मला उत्तर देता आलं नाही. जुनी आणि नवी मालिका जोडणारा लिंकिंग फॅक्टर ही गोष्टच मला माहीत नव्हती. तो २.८८ आहे, म्हणजे नवा एक पॉइंट वाढला की जुन्या मोजणीत २.८८ पॉइंट वाढले. करारात जुन्या पॉइंटला २ रुपये असतील आणि नवे ५ पॉइंट वाढले तर माणसाला महिन्याला २८ रुपये ८० पैसे मिळायला हवेत, आणि न कळता नव्याच पॉइंटाने हिशोब केला तर १० रुपये. माणशी जवळजवळ १९ रुपये दर महिन्याला, शेकड्याने माणसं, आणि पुढचा करार होईपर्यंत. त्या दिवशी मी वेळ मागून घेतली, रात्री बसून शिकले आणि दुसऱ्या दिवशी बरोबर उत्तर दिलं, पण त्या माणसांचा माझ्यावरचा विश्वास परत यायला पुढचे सहा महिने गेले. मी बी.कॉम. केलं, मग डीएलएल अँड एलडब्ल्यू हा कामगार कायदे आणि कामगार कल्याणाचा डिप्लोमा केला, कायद्याची कलमं मला तोंडपाठ होती, आणि तरी निर्देशांक कसा बनतो, त्यात खाण्यापिण्याचा वाटा किती धरलाय, तो २०१६ च्या मालिकेत साधारण ४६ टक्क्यांवरून ३९ वर का आला, यातलं काहीही मला नीट शिकवलेलं नव्हतं.

हे सगळं भाचीला सांगितलं तेव्हा तिने वहीत २.८८ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मग म्हणाली की हे एचआरच्या कुठल्या विषयात येतं? मी म्हटलं तुझ्या यादीत बघ कुठे येतं.

मग आम्ही यादी घेऊन बसलो, आणि या वेळी नावं न बघता सिलॅबस बघितले. कॉलेजच्या साइटवर सेमिस्टरवार पीडीएफ असतात, ते सगळ्यांनी उघडून बघावेत असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण निम्मे गैरसमज तिथेच संपतात. मार्केटिंग पाच मिनिटांत बाजूला झालं. एम्प्लॉयर ब्रँडिंग, म्हणजे नोकरी शोधणाऱ्यांत कंपनीचं नाव करणं, वगैरेसाठी उपयोग होतो, पण ती ते फक्त मैत्रिणींसाठी घेणार होती आणि तिने ते स्वतःच कबूल केलं.

अ‍ॅनालिटिक्सचा सिलॅबस उघडला तर पहिल्या तीन सेमिस्टरांत एक्सेल, चार्ट, डॅशबोर्ड आणि एका सॉफ्टवेअरची ओळख. वाईट काहीच नाही, पण एक्सेलमधलं व्हीलूकअप आणि पिव्होट मी तिला त्या आठ दिवसांत चार दुपारी शिकवलं आणि गैरहजेरीच्या शीटवर ती ते आपलं आपण करायला लागली. हत्यार नंतरही हातात घेता येतं, स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्स आहेत, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी त्यांचे क्रेडिटही डिग्रीत धरता येतात. पण शीटमधला आकडा का हलला हे त्या सिलॅबसमध्ये नव्हतं. दाजींना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण कंपन्या मागतात ते डॅशबोर्ड." त्यांचं म्हणणं मी खोडलं नाही, कारण पुढे इंटरव्ह्यूत ते काही अंशी खरंच निघालं, ते खाली सांगते.

मानसशास्त्रावर मात्र आमचा जास्त वेळ गेला आणि तिथे मी अजूनही कुणाला सरसकट नको म्हणणार नाही. चाचणी कशी बनते, तिची विश्वसनीयता आणि वैधता कशी तपासतात, मुलाखतीत आपण पहिल्या दोन मिनिटांत मत कसं बनवतो आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारले तर निवड का सुधारते, हे ज्याला रिक्रूटमेंट किंवा ट्रेनिंगमध्ये जायचंय, हिंजवडीच्या आयटीत एचआर करायचंय, त्याच्यासाठी फार मोलाचं आहे. पण तिच्या कॉलेजचा सिलॅबस उघडला तर मायनरच्या पाच पेपरांतले दोन संघटनात्मक वर्तनाचेच, आणि तोच विषय मेजरमध्ये आधीपासून होता, प्रेरणा, गट, नेतृत्व, तीच प्रकरणं. म्हणजे १८ क्रेडिटमधले जवळजवळ निम्मे परत त्याच पाण्यात. प्रॅक्टिकलला लॅब नव्हती, शिकवायला तासावर येणाऱ्या एक मॅडम. तिने एका सीनियर मुलीला विचारलं, ती म्हणाली की मॅडम छान आहेत पण वर्षात दोनदा बदलल्या. ज्या कॉलेजात मानसशास्त्राचा जुना विभाग आहे, लॅब आहे, तिथे मी कदाचित हेच प्रकरण उलट लिहिलं असतं.

राहिलं अर्थशास्त्र. सूक्ष्म, स्थूल, भारतीय अर्थव्यवस्था, अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्र, आणि शेवटच्या वर्षी श्रमाचं अर्थशास्त्र. निर्देशांक संख्याशास्त्राच्या पेपरात एक पूर्ण युनिट. वेतन कसं ठरतं, बेरोजगारी, असंघटित क्षेत्र, कामगार संघटना हे श्रमाच्या पेपरात. विभागात दोन कायम शिक्षक, त्यातल्या सरांना ती जाऊन भेटली आणि सरळ विचारलं की मी एचआरची आहे, मला हे झेपेल का. सरांनी तिला विचारलं, बारावीला गणित होतं का? नव्हतं. ते म्हणाले पहिलं सेमिस्टर जड जाईल, ट्यूटोरियलला बस, पुढचं जमेल. हे खोटं धीर देणं नव्हतं म्हणून तिला ते आवडलं.

आणि माझा स्वतःचा पहिला कौल? खरं सांगायचं तर मी मनात कायदा धरून बसले होते. यादीत कायदा असता तर मी त्याच्याच बाजूने भांडले असते आणि आता वाटतं की ते चुकलं असतं. कायद्याचं शिक्षण डिग्रीनंतर नोकरी करता करता मिळतं, डीएलएल अँड एलडब्ल्यू आहे, एलएलबी आहे, मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची श्रम विज्ञान संस्था आहे, तेच लोखंडे ज्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि ज्यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी व्हायचं तर असं पुढचं शिक्षण घ्यावंच लागतं, मायनरने ते भागत नाही. पण नोकरी लागल्यावर परत बसून अर्थशास्त्राचे पाच पेपर कोण शिकणार? मी तरी नाही शिकले, एका रात्रीत एक लिंकिंग फॅक्टर शिकले तेवढंच.

तिने अर्थशास्त्र भरलं, आणि मानसशास्त्राचा एक पेपर ओपन इलेक्टिव्हमध्ये घेतला.

पुढे काय झालं ते जसं आहे तसं सांगते. तिसऱ्या सेमिस्टरला सूक्ष्म अर्थशास्त्रात काठावर पास झाली, मेजरच्या मार्कांपेक्षा बरेच कमी, आणि सीजीपीए उतरला. घरी दोन दिवस वातावरण तंग, दाजी मला काही बोलले नाहीत पण बहीण बोलली. पोरीने ट्यूटोरियल सोडलं नाही. चौथ्या सेमिस्टरला संख्याशास्त्रात सुधारली, कारण तिथे निर्देशांक आला आणि तो तिला आधीच माहीत होता. भारतीय अर्थव्यवस्थेच्या असाइनमेंटला तिने १९८२ चा मुंबईचा गिरणी संप घेतला. १८ जानेवारीला सुरू झालेला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार. मला वाटलं पगारवाढ आणि बोनस एवढंच लिहील, पण तिने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. एक म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, ज्यामुळे मालकांना वाटाघाटी मान्यताप्राप्त संघटनेशीच करायच्या होत्या आणि तो रद्द करा ही संपाची मोठी मागणी होती, आणि दुसरी म्हणजे तोपर्यंत यंत्रमागाकडे सरकलेलं कापड आणि जुनी होत गेलेली गिरण्यांची यंत्रं. कायदा माझा, अर्थशास्त्र तिचं, असं करत आम्ही दोघी रविवारभर बोललो. माझे सासरे लालबागचे, तेही मध्ये बसले होते, त्यांनी सांगितलेल्या गोष्टी असाइनमेंटमध्ये नाहीत पण पोरीला त्या आयुष्यभर पुरतील.

पाचव्या सेमिस्टरला श्रमाच्या पेपरात फोर्डचं उदाहरण आलं. १९१३ साली त्यांच्या कारखान्यात माणसं इतकी सोडून जात होती की १३-१४ हजारांचा पट टिकवायला वर्षात पन्नास हजारांवर भरती करावी लागली, आणि जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर झाले. तिने मला फोन केला, मावशी तुमच्याकडे कॉन्ट्रॅक्टची मुलं तीन महिन्यांत पळतात, एक माणूस भरून शिकवायला किती खर्च येतो ते काढलंय का कुणी? नव्हतं काढलं. आम्ही एजन्सीला कमिशन किती ते मोजत होतो, पण नव्या पोराच्या हातून खराब होणारा माल, त्याला शिकवणाऱ्या जुन्या माणसाचा वेळ, रिकाम्या जागेवरचा डबल ओटी, हे एका कागदावर कधी मांडलंच नव्हतं. आता मांडलंय, आणि दोन लाइनींवर हजेरी बोनस आणि बसची सोय त्याच कागदामुळे मंजूर झाली.

त्याच सेमिस्टरमध्ये, २१ नोव्हेंबर २०२५ ला, चारही लेबर कोड लागू झाले, कामगारांच्या २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार. मेजरच्या कामगार कायद्याच्या पेपरात मुलांनी जुनी कलमं पाठ केलेली, वर्गात गोंधळ. हिने बसून एक साधं उदाहरण सोडवलं. एकूण पगार ३०,०००, त्यात बेसिक-डीए १०,०००, भत्ते २०,०००. वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणजे ५,००० आत आले आणि वेतन झालं १५,०००. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांची, २६ ने भागून, आधी ५,७६९ आणि आता ८,६५४. इथपर्यंत वर्गातल्या आणखी दोघांनी केलं होतं. हिने पुढे लिहिलं की हा वाढीव खर्च पहिल्या वर्षी कंपनी सोसेल, पण पुढच्या करारात तो पगारवाढीतून वळता होईल का, आणि युनियन मजबूत असेल तिथे आणि नसेल तिथे उत्तर वेगळं का येईल. सरांनी ते पान वर्गात वाचून दाखवलं.

आता दाजींची बाजू. कॅम्पसला आलेल्या पहिल्या दोन रिक्रूटमेंट एजन्सींना मायनरशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांनी बोलण्याची सफाई बघितली आणि एकाने डॅशबोर्ड येतो का विचारलं, हिला तेवढा येत नव्हता, निवड झाली नाही. तिला लागलं ते. मग तिने सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला. तिसऱ्या ठिकाणी, भोसरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत, आयआर बघणाऱ्या साहेबांनी विचारलं एचआरला अर्थशास्त्र कशाला घेतलंस, तर तिने फेब्रुवारीच्या ३०० रुपयांपासून २.८८ पर्यंत सगळं सांगितलं. ओजेटी तिथे मिळालं.

सध्या ती तिथेच आहे. वेतन करार संपत आलाय, युनियनचं मागणीपत्र आलंय, तिला बैठकीत बसायला मिळत नाही आणि मिळूही नये एवढ्यात, पण आजूबाजूच्या कंपन्यांचे करार, डीएचा दर आणि निर्देशांक यांचा तक्ता बनवायचं काम तिच्याकडे आहे. परवा रात्री फोन करून विचारत होती की शेजारच्या एका कंपनीचा २०१९ चा करार हातात आलाय, त्यात पॉइंट कुठल्या मालिकेचे ते लिहिलेलंच नाही, काय धरायचं? मी म्हटलं कराराची तारीख बघ, निर्देशांकाचा आकडा तीनशेच्या घरात आहे का बघ, असेल तर जुने. तिने लगेच पान उलटून बघितलं, ३०१ होता.